तीन खांब लांब: पट्ट्यावर अंगावर जाणाऱ्या कुत्र्याचं करायचं काय?

साताऱ्यात माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं घर. गल्लीत मला नावानं ओळखणारे कमी, "ते भुंकऱ्या कुत्र्याचे मालक" म्हणून ओळखणारे जास्त. तांबू घरात गरीब गाय आहे. पोरं त्याच्या पोटावर डोकं टेकून मोबाइल बघतात, मांजर त्याच्या ताटलीत तोंड घालतं आणि हा मुकाट बाजूला होतो. पण संध्याकाळी पट्टा लावून बाहेर काढला आणि समोरून दुसरं कुत्रं आलं, की हाच तांबू मागच्या दोन पायांवर उभा राहून असा कल्ला करायचा की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायच्या.

सल्ल्यांना तोटा नव्हता. "दोन फटके द्या." "लाडावून ठेवलाय." "मालक कोण ते कळू द्या त्याला." शेजारच्या आजींनी दृष्ट काढायला सांगितली. (ती काढली. इतक्या सगळ्या सल्ल्यांत नुकसान न करणारा तेवढा एकच निघाला.)

कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. कोरेगावकडं बहिणीचं शेत आहे, तिथं वस्तीवर तीन कुत्री मोकळी फिरतात. पहिल्यांदा तांबूला नेलं तेव्हा मी त्याला गाडीतून उतरवायलाच तयार नव्हतो. दाजी म्हणाले, "सोडा ओ पाव्हणं, काय व्हत न्हाई." सोडला. चौघं एकमेकांभोवती फिरले, हुंगाहुंगी झाली, बांधावर पाय वर करून झाले आणि पाच मिनिटांत सगळे आपापल्या कामाला लागले. हा प्रयोग तुम्ही करू नका, त्या दिवशी माझं नशीब बरं होतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. कुत्रं तेच, समोर कुत्रीच, मग पट्टा बांधल्यावर याला होतं काय?

मराठीत गळ्यातलाही पट्टा आणि हातातलाही पट्टाच. इथं पट्टा म्हणजे हातात धरायचा. गळ्यातल्याला गळपट्टा म्हणू.

पट्टा नेमकं काय करतो

अनोळखी कुत्रं दिसलं की कुत्र्यापुढं मोजक्याच वाटा असतात. निघून जायचं. जागेवर थिजायचं. तोंड फिरवून, जमीन हुंगत, "माझं तुझ्याशी काही नाही" असं कळवत वळसा घ्यायचा. नाहीतर मोठा आवाज करून समोरच्यालाच घालवायचं. मोकळं कुत्रं शक्यतो पहिल्या तिन्हींतलं काहीतरी निवडतं, कारण मारामारी कुणालाच परवडत नाही. आपण पट्टा बांधतो तेव्हा निघून जाणं आणि वळसा घेणं या दोन्ही वाटा सहा फुटांच्या दोरीनं बंद होतात. थिजून राहावं म्हटलं तर आपण "चल, चल" करत पुढं ओढतो. मग उरतो तो आवाज.

त्यात कुत्र्यांची भेटायची रीत आपल्यापेक्षा निराळी. ती एकमेकांकडं सरळ रेषेत, डोळ्याला डोळा लावून सहसा येत नाहीत. चंद्रकोरीसारखा बाक घेत बाजूनं येतात आणि आधी शेपटीकडचा भाग हुंगतात. आता आमची गल्ली डोळ्यांपुढं आणा. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला लावलेल्या दुचाक्या, मधे जेमतेम रिक्षा जाईल एवढी जागा. त्यात दोन कुत्री समोरासमोर, दोघांचेही मालक पट्टा आखूड धरून नाकाच्या रेषेत चाललेले. कुत्र्यांच्या लेखी हा सरळसरळ उद्धटपणा आहे, आणि तो आपण त्यांच्याकडून करवून घेतो.

माझा स्वतःचा यात काय हातभार होता ते बायकोनं दाखवून दिलं. ती एकदा मागून मोबाइलवर व्हिडिओ काढत आली. त्यात स्वच्छ दिसतं: कोपऱ्यावर लॅब्रेडॉर येतो, तो आधी मला दिसतो, माझा कोपर मागं जातो, पट्टा ताठ होतो. तांबू तोवर एका पायरीचा वास घेत असतो. गळ्याला ताण बसल्यावर तो मान वर करतो आणि *मग* शोधायला लागतो. म्हणजे बातमी मीच देत होतो. पट्टा ताणला की काहीतरी वाईट येणार, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं.

भुंकणं, दात दाखवणं, झेपावणं म्हणजे राग, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ती भीती असते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसा समोरचा लॅब्रेडॉर त्याला राक्षस दिसतो, आणि पळता येत नाही म्हणून हा आरडाओरडा करतो. दुसरा प्रकार याच्या अगदी उलट. कुत्र्याला समोरच्याशी खेळायला जायचं असतं, पट्टा जाऊ देत नाही, मग वैताग. जत्रेत पाळण्याकडं ओढणाऱ्या पोराचा हात आईनं सोडला नाही की ते भोकाड पसरतं, तसं. रस्त्यावरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. फरक बारकाव्यात असतो. वैतागलेल्याच्या भुंकण्यात कुईकुई मिसळलेली असते, अंग सैल वळवळत असतं. घाबरलेला झेपावतो खरा, पण मधेच एक पाऊल मागं घेतो, वजन मागच्या पायांवर टाकतो. तांबूमध्ये दोन्हीचं मिश्रण आहे. तो महामार्गाच्या कडेला सापडला तेव्हा पाचेक महिन्यांचा होता. पिल्लाला जगाची ओळख होण्याचा महत्त्वाचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. तेव्हा जे भेटतं ते "आपलं", न भेटलेलं "संशयास्पद". तांबूचे ते दिवस ट्रकच्या आवाजात गेले.

मग हे महिन्यागणिक वाढत का जातं? कारण ते लागू पडतं. तांबूच्या बाजूनं हिशोब मांडा. लॅब्रेडॉर आला, मी भुंकलो, लॅब्रेडॉर गेला. आपल्याला माहीत असतं की लॅबच्या मालकांना दूध आणायला जायचं होतं, ते तसेही जाणारच होते. तांबूच्या वहीत मात्र यशाची नोंद होते. कुरिअरवाल्या पोराचंही तेच: तो येतो, कुत्रं भुंकतं, तो जातो, रोज जिंकतं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1898 मध्ये मांजरांना पेटीत बंद करून हेच दाखवलं होतं. ज्या हालचालीनं दार उघडलं ती हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करतं. आपलं कुत्रं रोज संध्याकाळी भुंकून दार उघडून घेतं, आणि आपण त्याला रोज रियाजाला नेतो.

दूध ओतू जायच्या आधी

गॅसवर दूध ठेवलंय. आधी कडेला बारीक बुडबुडे, मग साय हलते, मग फुगते. या टप्प्यापर्यंत आच कमी करता येते. एकदा ओतू जायला लागलं की तुम्ही काय बोलता ते दूध ऐकत नाही. कुत्र्याचंही तसंच. भुंकायला लागलेल्या कुत्र्याला "तांबू, बस! बस म्हणतो ना!" असं ओरडून काही उपयोग नसतो. तो तुमचा अपमान करत नसतो, त्याच्यापर्यंत पोचतच नसतं. त्या क्षणी चिकनचा तुकडा नाकाशी धरला तरी तो घेत नाही. घरी चिकनसाठी जीव टाकणारं कुत्रं बाहेर ते नाकारतं, तेव्हा ओळखावं की दूध ओतू गेलं.

जाणकार याला उंबरठा म्हणतात. उंबरठ्याच्या अलीकडं कुत्रं शिकू शकतं, पलीकडं नाही. आणि हा उंबरठा सगळ्यात जास्त ठरतो अंतरावर. मी विजेचे खांब मोजायला लागलो. एका खांबाच्या अंतरावर दुसरं कुत्रं असेल तर तांबू हमखास पेटायचा. दोन खांबांवर पेटायचा किंवा नाही पेटायचा. तीन खांबांवर तो बघायचा, कान पुढं करायचा, पण माझ्या हातातलं खायचा. म्हणजे तेव्हाचा तांबूचा उंबरठा तीन खांब. तुमच्या कुत्र्याचा एक असेल किंवा सात. तो आकडा हातात आला की अर्धं काम झालं, कारण तोवर आपण "हा कधी भुंकेल सांगता येत नाही" म्हणत असतो. सांगता येतं.

आकडा रोज तोच राहत नाही, हेही आहे. सकाळी उसाच्या ट्रॅक्टरनं दचकवलं, दुपारी पाहुण्यांच्या पोरानं शेपटी ओढली, संध्याकाळी पावसात छत्री फट्कन उघडली; एकेकटी यातली कुठलीच गोष्ट त्याला पेटवत नाही, पण आच साठत जाते आणि रात्री चार खांबांवरचं मरतुकडं पिल्लू बघून उद्रेक होतो. दिवाळीच्या आठवड्यात आम्ही सराव करतच नाही. मोठा दंगा झाल्यानंतरचा एखादा दिवसही गच्चीवर हुंगायचे खेळ खेळण्यात घालवतो. एक दिवस फिरायला न्यायचं चुकलं म्हणून कुत्र्याचं काही बिघडत नाही.

साय हलते ती कशी दिसते? तांबूचं सांगतो. चालताना त्याचं तोंड उघडं, जीभ बाहेर असते. लांब कुत्रं दिसलं की पहिल्यांदा तोंड मिटतं. एवढंच. मग कान पुढं, मान किंचित लांब, आणि शेपटी हलायची थांबते किंवा उंच ताठ होऊन तुटक हलते. (शेपटी हलवणारं कुत्रं खूशच असतं, हा समज बऱ्याच जणांना चावला आहे.) कधी तो ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसतं. शेवटी क्षणभर सगळं अंग दगड होतं, श्वाससुद्धा थांबल्यासारखा. त्यानंतर स्फोट. तोंड मिटण्यापासून दगड होण्यापर्यंत आमच्याकडं तीन-चार सेकंद असतात. मानेवरचे केस ताठ झाले की लोक घाबरतात, पण ते त्याच्या हातात नसतं, आपल्या अंगावर काटा यावा तसं ते आपोआप होतं.

फटका दिल्यावर काय झालं

हे माझ्या चुकीचं प्रकरण आहे, म्हणून जरा लांबवतो.

एका ओळखीच्यांनी ओढल्यावर आवळणारी साखळी घ्यायला सांगितलं. "भुंकला की हिसका द्या, आठ दिवसांत सुतासारखा सरळ." आठ दिवस लागलेच नाहीत. चौथ्या दिवशी तांबू गप्प झाला. गुरगुरणं नाही, भुंकणं नाही. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. दोन आठवड्यांनी गल्लीच्या तोंडाशी एक स्पिट्झ जवळून गेला, आणि तांबूनं काही न बोलता त्याच्या मानेचा चावा घेतला. सूचना नाही, काही नाही. जखम वरवरची होती, दवाखान्याचा खर्च मी दिला, स्पिट्झवाल्या ताईंनी पुढं कित्येक महिने माझ्याकडं बघितलं नाही.

झालं होतं ते असं. गुरगुरणं ही धोक्याची घंटा. मी आग तशीच ठेवून घंटा काढून टाकली. शिवाय हिसका बसायचा तो दर वेळी दुसरं कुत्रं समोर असताना. तांबूनं त्यातून काढलेला अर्थ "भुंकू नये" एवढाच नव्हता. "कुत्रं दिसलं की गळा आवळतो, म्हणजे कुत्री खरंच वाईट" असाही होता. ज्या भीतीपायी तो भुंकत होता तिला मी रोज खतपाणी घालत होतो. "भुंकणारं कुत्रं चावत नाही" ही म्हण मला तेव्हापासून दोन्ही बाजूंनी खोटी वाटते: भुंकणारंही चावतं, आणि ज्याचं भुंकणं आपण मारून टाकलं ते जास्त बेभरवशाचं.

"मालक कोण ते दाखवा" या सल्ल्याचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं. पुढं डेव्हिड मीच या अमेरिकन अभ्यासकाच्या लिखाणातून "अल्फा", म्हणजे मारामारी करून कळपाचा म्होरक्या झालेल्या लांडग्याची कल्पना सगळीकडं पसरली. त्याच डेव्हिड मीच यांनी जंगलातले कळप वर्षानुवर्षं पाहिल्यावर 1999 च्या शोधनिबंधात सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथं गादीसाठी मारामाऱ्या चालू नसतात. शास्त्रज्ञानं शब्द मागं घेतला, आपल्या कट्ट्यावर तो अजून चालू आहे. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेनं 2021 मध्ये निवेदन काढून, आक्रमक कुत्र्यांसकट सर्वांसाठी बक्षिसाच्याच पद्धती वापराव्यात असं म्हटलं आहे. विजेचा झटका देणारे, काटे टोचणारे गळपट्टे ऑनलाइन सहज मिळतात. मिळतात म्हणून घ्यायचे नसतात.

आधी कुत्रं, मग चिकन

आता उपाय. ऐकायला पोरकट वाटतो, करायला चिवट आहे.

रशियाच्या इव्हान पावलॉव्ह यांना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामाबद्दल. त्या कामातच त्यांच्या ध्यानात आलं की कुत्र्याला लाळ सुटायला अन्न तोंडात पडावं लागत नाही, अन्न येणार याची खूण पुरते. आमच्या स्वयंपाकघरात एका कपाटाची कडी आहे, तिच्यामागं तांबूची बिस्किटं. कडी वाजली की तो गच्चीवरून खाली हजर. कडीत स्वतःचं असं सुखाचं काही नाही. आपल्याला दुसऱ्या कुत्र्याची अशीच कडी करायची आहे. कुत्रं दिसलं, म्हणजे आता चांगलं काहीतरी येणार.

आम्ही जिल्हा परिषदेच्या मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहायचो, जिथून चारी बाजूंचं लांबवर दिसतं. किल्ल्याच्या रस्त्यावर हे करायचं नाही, तिथं वळणामागून कुत्रं थेट अंगावरच येतं, अंतराचा पत्ता नाही. खिशात उकडलेलं चिकन, हरभऱ्याएवढे तुकडे, मीठ-मसाल्याशिवाय, कांदा-लसणाशिवाय (कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो). शाकाहारी घरात पनीर चालतं. रोजची बिस्किटं मात्र नकोत. काम अवघड आहे तर मजुरीही तशी पाहिजे. पलीकडच्या टोकाला, तीन खांबांच्या पुढं, कुणी कुत्रं घेऊन आलं. तांबूनं पाहिलं. एक, दोन, आणि तोंडात तुकडा. पुन्हा तुकडा. ते कुत्रं दिसतंय तोवर तुकडे चालू. ते गेलं की हात खिशात, दुकान बंद. तांबूनं काही करून दाखवायची गरज नाही, बसायची नाही, माझ्याकडं बघायची नाही. त्यानं फक्त पाहायचं आणि न पेटता खायचं. पहिल्या दिवशी सात मिनिटांत दोन कुत्री झाली आणि आम्ही घरी आलो.

क्रम उलटा झाला की सगळं फिसकटतं, आणि आम्ही तो केलाही. मला लॅब आधी दिसायचा, मी घाईनं पिशवी काढायचो, तांबूला चिकन दाखवून त्याचं लक्ष वेधायचो, आणि मग त्याला लॅब दिसायचा. दोन आठवड्यांत असं झालं की पिशवी कुरकुरली की तांबू खायचं सोडून रस्ता धुंडाळायला लागायचा. चिकन म्हणजे संकटाची चाहूल! पिशवी फेकली, कमरेला कापडी बटवा बांधला, आणि आधी कुत्रं, मग चिकन, हे स्वतःला पाठ करून घेतलं.

काही आठवडे गेले आणि एका संध्याकाळी ती गोष्ट घडली जिच्यासाठी हे सगळं. लांबवर एक काळा डॉबरमन आला. तांबूनं त्याच्याकडं पाहिलं, तोंड मिटलं, आणि मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. "दिसलं मला. द्या आता." मी जवळजवळ सगळा बटवा त्याच्यापुढं रिकामा केला. इथून पुढं पायरी बदलते: आता लगेच द्यायचं नाही, त्याच्या मान वळवण्याची वाट बघायची, वळली की "शाब्बास" आणि तुकडा. आधी फक्त भावना बदलत होती, आता एक नवी सवयही लागते. बघायचं, सोडायचं, मालकाकडं वळायचं.

अंतर कमी करताना हावरटपणा नडतो. तीन खांबांवर पाच-सहा वेळा सहज जमलं तर अडीचवर या. आणि एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. अंतर घटवलंत तर समोरचं कुत्रं शांत उभं असू दे; पळणारं कुत्रं असेल तर पुन्हा लांब जा. जमलं नाही, तो पेटला, तर त्याचं चुकलं नाही, आपलं माप चुकलं. वैतागवाल्या कुत्र्यालाही हाच सराव लागू पडतो, फक्त त्याला पुढं कधीतरी सैल पट्ट्यानं एखाद्या ओळखीच्या कुत्र्याला भेटू देणं हेच बक्षीस होऊ शकतं.

आणि गल्लीत अचानक कुत्रं समोर आलंच तर? तिथं शिकवणी नाही, फक्त सुटका. आम्ही "मागं फिर" शिकवलंय. आधी घरातल्या बोळकांडीत, समोर काहीही नसताना, हसतखेळत: शब्द म्हणायचा, वळायचं, चार पावलं भरभर जायचं, तुकडा द्यायचा. शंभरदा झालं की अंगात मुरतं. खऱ्या प्रसंगी शब्द आला की पाय आपोआप वळतात, त्याचेही आणि माझेही. वळायला जागा नसेल तर उभ्या रिक्षेच्या आड जायचं आणि मूठभर तुकडे जमिनीवर पसरायचे. नाक खाली गेलं की डोळे खाली जातात, आणि हुंगण्यानं कुत्रं निवतंही. पट्टा मात्र सैल. हे मला सगळ्यात जड गेलं. अजूनही कोपर मागं जातो, मग मी मुद्दाम मोठा श्वास सोडतो.

सामानाचं थोडक्यात. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या, ओढ गळ्यावर येत नाही. पट्टा साधा, सहा फुटी. बटण दाबलं की लांबणारी दोरी नको. चावायची शक्यता असेल तर मुसकं लावायला लाजू नका. मळणीत बैलाला मुसकं बांधतात तेव्हा कुणी त्याला गुन्हेगार म्हणत नाही. पण जाळीच्या टोपलीसारखं घ्या, ज्यात त्याला धापता येईल, पाणी पिता येईल, तुकडा घेता येईल. जबडा आवळणारी कापडी पट्टी डॉक्टरांकडच्या दोन-चार मिनिटांपुरती. धापता आलं नाही तर उन्हात कुत्रं तापून मरू शकतं. मुसक्याची सवयही दोनेक आठवडे खाऊ देत देतच लावायची.

मोकळी कुत्री आणि डॉक्टर

परदेशातले व्हिडिओ बघून हे सगळं शिकायला गेलं की एक अडचण येते. त्यांच्या रस्त्यावर मोकळी कुत्री नसतात. आपल्याकडं प्रत्येक चौकाची एक टोळी, प्रत्येकीची हद्द. केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांत भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पुन्हा मूळ जागी सोडायची पद्धत आहे (कानाला कातर असेल तर नसबंदी झालेली). तेव्हा टोळी उद्याही तिथंच असणार असं धरून चाला. मी आठवडाभर तांबूशिवाय हिंडून नकाशा डोक्यात केला: कुठली टोळी कुठं बसते, चिकनच्या दुकानामागं किती वाजता गोळा होते, कुणाच्या दारात त्यांना भात पडतो. आता आम्ही पहाटे साडेपाचला निघतो आणि दोन चौक टाळतो. एखादं मागं लागलंच तर पळायचं नाही. तांबूला मागं घेऊन मी मधे उभा राहतो, मूठभर बिस्किटं त्या कुत्र्याच्या *मागं* फेकतो आणि हळूहळू निघतो. दगड मारला तर ते कुत्रं पळेल, पण तांबू ते बघत असतो, आणि त्याच्या वहीत पुन्हा "कुत्री म्हणजे लढाई" अशी नोंद होते.

हे सगळं सुरू करण्याआधी पशुवैद्यांना दाखवा, विशेषतः शांत कुत्रं अचानक असं वागायला लागलं असेल तर. दुखणारा कान, कंबर, दात, गोचिडांचा ताप; दुखण्यानं माणूससुद्धा खेकसतो. भीती फारच खोल असेल तर डॉक्टर काही काळ औषधही देतात, त्यानं कुत्रं इतक्या लवकर पेटत नाही आणि शिकवायला जागा मिळते. आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड प्रकरणासाठी तिथवर जायला हरकत नाही. रेबीजची लस दर वर्षी, त्यात चालढकल नको. कुणाला चावा बसलाच, मग कुत्रं घरचं का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. माणसाला दंडात देतात त्या रेबीजच्या लशीचे डोस 0, 3, 7, 14, 28 या दिवशी असतात, "कुत्रं ओळखीचं आहे" म्हणून मधेच सोडायचे नाहीत. आणि आपल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली तो गुन्हा आहे.

किती दिवस लागतात, असं सगळेच विचारतात. आम्हाला हे करून दीड वर्ष होत आलं. तांबू "बरा" झालेला नाही. मागच्या महिन्यात कोपऱ्यावर एक ग्रेट डेन अचानक आला तेव्हा खिडक्या पुन्हा उघडल्या. पण रोजचा हिशोब तीन खांबांवरून एकावर आला आहे, आणि पेटला तरी अर्ध्या मिनिटात विझतो, पूर्वी घरी येऊनही फेऱ्या मारायचा. स्पिट्झवाल्या ताई आता मान हलवतात.

लॅबच्या काकांना मी एकदा घरी जाऊन सगळं सांगितलं. तेव्हापासून ते दूध आणायला निघाले की कोपऱ्यावर येण्याआधी शीळ घालतात. मी तांबूला पलीकडच्या बाजूला घेतो, तो लॅबकडं बघतो, मग माझ्या बटव्याकडं. काका हात वर करून "काय म्हणतोय गडी?" असं ओरडून विचारतात, मी इकडून ओरडून सांगतो. रोजच्या गप्पा होतात आमच्या, मधे एक खांब ठेवून.